एक्केचाळीस बिळांची नोंदवही

प्रल्हाद दरंदले यांनी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या ताब्यातला सहा मैलांचा कालवा एकदाही फुटला नाही. ही गोष्ट ते आपण होऊन कुणाला सांगत नसत. समोरच्याने नमस्कार करून नाव विचारलं, तर मात्र सांगत. ह्यूस्टनच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या गोऱ्यालाही त्यांनी ती सांगितली होती, मराठीत. त्याने सहा महिन्यांचा शिक्का मारला.

नेवाशाच्या बाजूला कालवा निरीक्षक होते ते. आता कालवा निरीक्षकाचं काम म्हणजे काय, तर चालणं. आज या काठाने जायचं, उद्या त्या काठाने यायचं. खेकड्याचं, उंदराचं, घुशीचं बीळ दिसलं की काळी माती भिजवून आत कोंबायची, धुम्मसाने ठोकायची आणि संध्याकाळी वहीत लिहायचं: अमुक साखळीवर, डावा काठ, एक बीळ, बुजवलं. साखळी म्हणजे शंभर फूट. ती मोजायला खात्याने टेप दिला होता, पण तो साहेबांच्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असे तो बहुधा रजेवर असे. म्हणून अण्णा पावलांनी मोजत. घरीदारी सगळे त्यांना अण्णाच म्हणत, आपणही तेच म्हणू. अडीच फुटांचं एक पाऊल, चाळीस पावलांची एक साखळी. खात्यात मीटर आले, किलोमीटर आले, पण अण्णांच्या पायांपर्यंत ते परिपत्रक काही पोचलं नाही. एकदा एका नव्या साहेबाने मुद्दाम टेप लावून तपासलं, तर पाऊण मैलात चार फुटांचा फरक निघाला. तो फरक टेपचा असावा असं अण्णांचं ठाम मत होतं.

मुलगा यतीन २००१ साली अमेरिकेला आला. ह्यूस्टनजवळ शुगर लँड नावाच्या गावात त्याने २००६ साली घर घेतलं आणि मार्च २००७ मध्ये आईवडिलांना बोलावून घेतलं. गावाच्या नावात साखर, गावात साखर कारखाना, आणि कारखाना बंद. नगर जिल्ह्यातल्या माणसाला यात नवल ते काय वाटणार? अण्णांनी बंद कारखान्याची चिमणी गाडीतूनच पाहिली, "बरं," म्हणाले आणि विषय संपवला.

नवल वाटलं ते घराच्या मागे. यतीनच्या कुंपणापलीकडे मातीचा एक लांबच लांब बांध होता, पंधरा फूट उंच, वर हिरवं गवत. यतीन त्याला लेव्ही म्हणायचा. बांधाच्या पलीकडे वर्षभर पाणी धरून ठेवणारी दलदल, तिच्या पलीकडे ब्रॅझोस नदी. बांधाच्या अलीकडे तीनशे घरं, ती नदीला पूर आला म्हणजे पाण्याच्या पातळीच्या खाली. यतीनला हे घर घेताना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, पण स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा दाखवता दाखवता सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बायकोला, कमलाकाकूंना, बरोबर घेऊन बांधावर चढले. दलदलीच्या कडेला एक जनावर बसून दोन्ही हातांनी गवताचं मूळ धरून खात होतं. मांजरापेक्षा मोठं, शेपूट उंदराचं, मिशा पांढऱ्या आणि पुढचे दात गाजरासारखे नारिंगी. एक अमेरिकन बाई त्याला खरोखरीचं गाजर घालत होती. वस्तीतले लोक त्याला बीव्हर म्हणत. महाराष्ट्र मंडळाच्या लोकांनी त्याच्याबरोबर फोटो काढलेले होते. अण्णांनी तीन सकाळी त्याच्याकडे पाहिलं आणि चौथ्या दिवशी चहाच्या वेळी निकाल दिला, की ती घूस आहे.

यतीनने कॉम्प्युटरवर शोधून काढलं. जनावराचं नाव न्यूट्रिया. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. फरचे कोट करायला म्हणून कुणीतरी इकडे आणलं, कोटांची फॅशन गेली, जनावरं राहिली. अर्धं आयुष्य पाण्यात काढतं, दलदलीतली मुळं खातं, वर्षातून दोन-तीन वेळा वितं आणि पाण्याकाठच्या मातीत बिळं करतं. अण्णांनी एवढं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "या बांधाला निरीक्षक कोण?"

निरीक्षक कोण ते यतीनला माहीत नव्हतं. बांध सांभाळणारं एक कार्यालय होतं, त्याला त्याने ई-मेल पाठवला. क्षणात उत्तर आलं की आपला निरोप आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अण्णांनी आवक क्रमांक विचारला. आवक क्रमांक दिला नव्हता. मग अण्णांच्या दृष्टीने तो अर्ज पोचलेलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर तसंच झालं होतं.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? बिळं डोळ्यांसमोर होती, माती पायाखाली होती आणि मातीही कशी, तर काळी, चिकट, भिजली की बोटाला न सोडणारी, थेट गावाकडची. अण्णांनी गराजमधून बादली घेतली, रुपालीच्या बागकामातलं खुरपं घेतलं आणि धुम्मस म्हणून तिचंच व्यायामाचं दहा पौंडांचं डंबेल घेतलं. रुपाली सून म्हणून गुणी होती. डंबेल कुठे गेलं म्हणून तिने चार दिवस शोधलं, पाचव्या दिवशी बांधावरून ठोकल्याचा आवाज ऐकला आणि शोधायचं सोडून दिलं. नाहीतरी ती ते वापरत नव्हती.

तेव्हापासून रोजचा नेम झाला. सकाळी सहाला दोघं निघायची. बांधाच्या एका टोकाला पाणी सोडायचा काँक्रीटचा दरवाजा होता, तिथून पावलं मोजत सुरुवात. बीळ दिसलं की अण्णा उतरायचे, माती कोंबायचे, ठोकायचे. काकू वर बसून पाण्याची बाटली सांभाळायच्या आणि अमेरिकेतही यांना खात्याने सोडलं नाही असं येणाऱ्या-जाणाऱ्याला मराठीत सांगायच्या. संध्याकाळी वहीत नोंद व्हायची. ही वही यतीनच्या ऑफिसातून आलेली होती, तिच्यावर तेल कंपनीचं चिन्ह होतं. जूनअखेर त्या वहीत एक्केचाळीस बिळं बुजवून झाली होती. आणखी बत्तीस दिसत होती, ती बाकी होती.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो झेंड्यांनी.

शेजाऱ्याच्या हिरवळीत कुणीतरी तारेच्या काडीवर लावलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या झेंड्या खोचून गेलं होतं. अण्णांना ती पद्धत फार आवडली. रुपालीबरोबर दुकानात जाऊन त्यांनी लाल आणि पिवळ्या झेंड्यांची एकेक जुडी आणली. लाल म्हणजे धोका, बीळ चालू आहे. पिवळी म्हणजे काम झालं. यात न कळण्यासारखं काय आहे? पण अमेरिकेत लाल झेंडी म्हणजे खाली विजेची तार आणि पिवळी म्हणजे खाली गॅसची नळी, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. बांधावरचं गवत कापणाऱ्या माणसाने ट्रॅक्टरवरून त्र्याहत्तर झेंड्या पाहिल्या आणि ट्रॅक्टर वळवला. गॅसवाल्यांचा माणूस आला, यंत्र घेऊन अख्खा बांध चालला, आमची नळी नाही म्हणाला आणि गेला. झेंड्या त्याने काढल्या नाहीत, कारण त्या त्याच्या नव्हत्या. विजेवाल्यांचा माणूस आला, त्यानेही तेच केलं. गवत कमरेएवढं झालं. मग तीनशे घरांना पत्रं गेली, की बांधात अज्ञात व्यक्तीने विनापरवाना काहीतरी पुरल्याचा संशय आहे आणि चौकशी चालू आहे.

यतीनने पत्र वाचलं आणि त्याचं तोंड उतरलं. त्याच जुलैत ग्रीन कार्डाचे अर्ज एकदम खुले झाले होते, देशभरातले आपले लोक अर्जाला लागणाऱ्या तपासणीसाठी एक्स-रेची पाकिटं काखेत मारून डॉक्टरांच्या दारात उभे होते. सहा वर्षं वाट पाहून यतीनचा अर्ज नुकता गेला होता, आणि आता त्याच्या घरी अज्ञात व्यक्ती शेवयांची खीर खात बसली होती. ऑफिसातून आल्या आल्या, कपडेही न बदलता, तो बांधावर गेला आणि त्र्याहत्तरच्या त्र्याहत्तर झेंड्या उपटून कचऱ्याच्या पिशवीत भरल्या. जेवताना त्याने सांगून टाकलं. लपवाछपवी त्याला जमत नाही, तेवढं वळण बापाचंच होतं.

अण्णा काही बोलले नाहीत. तीन दिवस बोलले नाहीत. पोराचं अगदीच चुकलं असं त्यांना वाटत नव्हतं, आपलं चुकलं असंही वाटत नव्हतं, आणि अशा वेळी माणसाने बोलायचं तरी काय? काकूंनी दोन्हीकडे निरोप पोचवले. चौथ्या दिवशी गवत कापून गेलं. पाठोपाठ पावसाने झोडपून काढलं, आणि आठवड्याभरात बुजवलेल्या बिळांवर इतकं दाट गवत आलं की अण्णांना स्वतःलासुद्धा जागा ओळखता येईनात. काम चोख झालं होतं, त्याला काय करणार?

दलदलीतलं पाणी चढलं आणि चार फूट उंचीपर्यंत बांधाला टेकलं. एका सकाळी अण्णा बांधाच्या अलीकडच्या, कोरड्या अंगाने चालले होते. यतीनच्या कुंपणापासून वीसेक पावलांवर जमीन ओली होती आणि मधोमध मुठीएवढा झरा बुडबुडत होता. अण्णा खाली बसले. पाण्यात बोटं घातली, अंगठ्याने चोळून पाहिली. बोटांना गाळ लागला. निवळ पाझराला घाबरू नये आणि गढूळ पाझराजवळ झोपू नये, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं. गढूळ पाणी म्हणजे बांध आतून वाहून चालला. एकतीस वर्षांत हे पाहायची वेळ आली नव्हती, आणि आली ती पोराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. अण्णांना भीती वाटली.

घरी येऊन त्यांनी यतीनला सांगितलं, "गढूळ आहे. फोन कर."

बिळं कुणी बुजवली असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, असं यतीनने विचारलं. त्याच्या डोळ्यांपुढे ग्रीन कार्डाची फाईल होती, आणि नसती तरच नवल.

"माझं नाव सांग," अण्णा म्हणाले. "स्पेलिंगसकट सांग."

या वेळी फोन माणसाने उचलला. चाळीस मिनिटांत एक पिकअप ट्रक आला आणि त्यातून पन्नाशी उलटलेली, पिकल्या केसांची, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली बाई उतरली. नोवाकबाई, त्या कार्यालयाच्या इंजिनिअर. नमस्कार-चमत्कार न करता त्या सरळ झऱ्यापाशी गेल्या, गुडघा टेकला, पाण्यात बोटं घातली आणि अंगठ्याने चोळली. अण्णांना ही बाई तिथल्या तिथे पटली. बाईंनी माणसं बोलावून झऱ्याभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचून घेतलं. मग विचारलं, की पलीकडच्या अंगाला या जनावरांची बिळं कुणी पाहिली आहेत का. यतीन इंग्रजीची जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात अण्णांनी छातीला हात लावून सांगितलं, "फॉर्टी वन होल. ऑल क्लोज. मी."

नोवाकबाईंना आनंद झाला नाही. त्यांनी जे सांगितलं ते यतीनने जमेल तितकं मऊ करून मराठीत आणलं, पण मूळचा टणकपणा काही गेला नाही. खेकड्याचं बीळ हातभर. घुशीचं दोन हात. या जनावराचं बीळ वीस-वीस फूट आत जातं, आत खोल्या असतात. तोंडाशी हातभर माती ठोकली की जनावर दुसरीकडून वाट काढतं आणि आतली पोकळी तशीच राहते. म्हणजे अण्णांनी एक्केचाळीस पोकळ्यांना बाहेरून कुलपं लावून ठेवली होती, आणि कुलपं इतकी उत्तम की आता दारं कुठे होती तेही कळत नव्हतं. पाणी दोन दिवसांत उतरेल. पण वरच्या भागात पाऊस चालू आहे, आठवड्याभरात याहून मोठं पाणी येईल. त्याच्या आत एकूणएक पोकळी उकरून, भरून, दाबून झाली पाहिजे. नाही झाली, तर तीनशे घरांना सामान हलवायला सांगावं लागेल.

एकतीस वर्षं जे केलं तेच केलं होतं अण्णांनी. खेकड्यांना ते बरोबर होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं काकू पुटपुटल्या. एरवी अण्णांनी त्यांना झापलं असतं, आज मान खाली घातली.

बिळांवर काही खूण केली होती का, असं बाईंनी विचारलं. यतीनने इंग्रजीत सांगितलं, की खुणा होत्या, त्या त्याने स्वतः उपटून कचऱ्यात टाकल्या. आणि वडिलांना ते आधीच माहीत असूनही त्याने तेच पुन्हा मराठीत सांगितलं. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि गॅसची नळी तेवढी तुमची नाही ना, असं विचारलं.

आता उरली होती फक्त वही. यतीनने एका संध्याकाळी सगळ्या नोंदी इंग्रजीत करून दिल्या, साखळ्यांचे फूट करून दिले. पाणी उतरल्याबरोबर माणसं आली, खोदायचं यंत्र आलं आणि काठीला चाक लावलेलं मोजायचं साधन आलं. चाक काँक्रीटच्या दरवाजापासून ढकलत न्यायचं, ते बरोबर फूट मोजतं. पहिलं बीळ अडीचशे फुटांवर. तिथे पोलादी सळई खुपसली, ती हातभरही जाईना. उकरलं तर घट्ट माती. दुसरं बीळ, घट्ट माती. तिसऱ्याला तेच. दिवसभरात सहा ठिकाणी उकरलं आणि सहा ठिकाणी परत दाबलं. यंत्रवाला तासाच्या मजुरीवर होता, त्याची तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी आणखी सात ठिकाणी तेच झालं. पाणी यायला चार दिवस उरले.

त्या संध्याकाळी यतीन अंगणात अण्णांजवळ येऊन बसला. त्याने हळू आवाजात विचारलं, "अण्णा, बिळं होती ना नक्की?"

अण्णांना हे फार लागलं. साहेबांनी विचारलं असतं तर त्यांनी वही तोंडावर मारली असती. पण विचारणारा पोटचा पोरगा होता, आणि तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखरच शंका आली होती, की सत्तरीला टेकलेला बाप सकाळी उठून नसलेली बिळं बुजवत होता. उत्तर आतून काकूंनी दिलं. म्हणाल्या, मी काय तिथं बसून माशा मारत होते का? एक्केचाळीस होती, मी मोजलीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी नोवाकबाईंनी पिकअपच्या बॉनेटवर बांधाचा नकाशा पसरला, शेजारी यतीनचा कागद ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. अण्णांनी शिस्तीने बांधाचं शेवटचं टोकही नोंदवलं होतं: रस्त्याचा पूल, साखळी सहासष्ट. म्हणजे सहा हजार सहाशे फूट, सव्वा मैल. नकाशात हा बांध बरोबर एक मैलाचा होता.

"नकाशा चुकीचा आहे," अण्णा म्हणाले. त्यांच्या नोकरीत नकाशे कितीदा तरी चुकले होते, पाय कधी चुकले नव्हते. यतीनने भाषांतर करताना नकाशा जुना असावा असं केलं. बाई म्हणाल्या, तसं असू शकतं. आणि पिकअपमधून स्टीलचा टेप काढून यतीनच्या हातात दिला. वडिलांना दहा पावलं चालायला सांग.

अण्णा चालले. नेहमीसारखे, ताठ, हात मागे बांधून, एकेक पाऊल म्हणत. दहाव्या पावलाला थांबले. यतीनने टेप लावला. पंचवीस फूट यायला हवे होते. वीस आले.

अण्णांनी टेप नीट धर म्हणून सांगितलं आणि पुन्हा चालले. या खेपेला त्यांनी टाच जरा लांब टाकली, ते सगळ्यांना दिसलं आणि सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. वीस फूट चार इंच.

पाऊल अडीच फुटांचं राहिलं नव्हतं, दोन फुटांचं झालं होतं. कधी झालं ते पायांनी मालकाला कळवलं नव्हतं. यतीन टेप हातात धरून उभा राहिला. वडील म्हातारे झालेत हे त्याला माहीत होतं, तसं ते सगळ्यांना आपापल्या वडिलांबद्दल माहीत असतं. पण ते असं फूट-इंचात कुणी हातात दिलं नव्हतं. नोवाकबाईंनी बॉनेटवरच कागदाच्या कडेला गुणाकार केला: वहीतला प्रत्येक आकडा, गुणिले आठ, भागिले दहा. अडीचशेचे दोनशे झाले. दोनशे फुटांवर सळई खुपसली. ती हातभर अडली आणि मग मुठीपर्यंत आत गेली.

उकरल्यावर आत एवढी पोकळी निघाली की मोठा माणूस पाय दुमडून बसला असता. अण्णा कडेला उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. वरची हातभर माती अजून घट्ट होती, त्यांनी ठोकली होती तशीच. मग एकामागून एक निघू लागली. नव्या हिशेबाच्या पहिल्या दिवशी तेरा, दुसऱ्या दिवशी सोळा. चौथ्या दिवशी दुपारी एक्केचाळिसावं निघालं, ते नेमकं गढूळ झऱ्याच्या समोर. बांध निम्म्याहून जास्त पोखरून आलेलं होतं. यंत्रवाल्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. बत्तीस चालू बिळं तर उघडीच दिसत होती, ती दुसऱ्या टोळीने तोवर भरून टाकली. पिंजरे लावणारी माणसं कामाला लागली. गाजरवाल्या बाईंनी त्याविरुद्ध एक पत्र लिहिलं, त्यालाही तेच उत्तर आलं की आपला निरोप महत्त्वाचा आहे.

पाणी रविवारी आलं. नऊ फूट चढलं, पाच दिवस बांधाला टेकून उभं राहिलं आणि आलं तसं गेलं. झऱ्याच्या जागी माती कोरडी होती. अण्णा दिवसातून चार वेळा जाऊन हात लावून पाहून आले. ग्रीन कार्डाचं म्हणाल, तर त्याबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. नोवाकबाईंनी अहवालात एवढंच लिहिलं, की एका स्थानिक रहिवाशाच्या नोंदींचा उपयोग झाला.

बाईंना आता मूळ वही कार्यालयात ठेवायला हवी होती. चुकीची वही द्यायची कशी? सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परतीचं विमान होतं. त्याच्या आदल्या संध्याकाळी बॅगा भरून झाल्यावर अण्णा जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसले. खात्यात खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही करायची. एक्केचाळीस रेघा, एक्केचाळीस आकडे, एक्केचाळीस सह्या, शिवाय पुलाची एक. यतीन समोर बसून आकडे वाचून दाखवत होता. रुपाली बॅगांचं वजन करत होती. काकू लसूण सोलत होत्या, उद्या पोरांना भाजीला नको का.

सगळं झाल्यावर अण्णांनी पहिलं पान उलटलं, वर थोडी जागा होती तिथे सावकाश लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: टीप. एक साखळी बरोबर पन्नास पावलं, सन २००७ पासून.

"दोन हजार एकपासून लिहा," काकू म्हणाल्या.

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं.

"लग्न झाल्यापासून तुमच्या मागं मला पळावं लागायचं," काकू म्हणाल्या. त्यांनी लसणावरून मान वर केली नव्हती. "बाजाराला जा, लग्नाला जा, तुम्ही पुढं आणि मी मागं पळत. याला त्या साली विमानात बसवून आपण घरी आलो. दुसऱ्या दिवशी शेताकडं निघालो, तर मला पळावं लागलं नाही. मला वाटलं, आज थकलेत. मग रोजच तसं."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"तुम्ही पावलांनी बांध मोजताय, मला काय ठाऊक. मला वाटलं, नुसते आकडे म्हणताय." त्यांनी आणखी एक पाकळी सोलली. "आणि बरं वाटत होतं मला. बरोबरीनं चालायला."

यतीनने तोंड वळवून हाताने डोळे पुसले, ते रुपालीने पाहिलं आणि बॅगेचा काटा उगाच पुन्हा लावला. अण्णा वहीकडे बघत बसले. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, २००७ वर एक आडवी रेघ मारली, वर २००१ लिहिलं आणि सही केली.

वर्षाच्या दुरुस्तीला एका सहीने भागत नाही, साक्षीदार लागतो. त्यांनी वही फिरवून यतीनपुढे सरकवली आणि पेन त्याच्या हातात दिलं. यतीनने सही केली.